सही कुणाची, निर्णय कुणाचा?

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील आरोग्य-कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुन्नरची भूमी साऱ्या महाराष्ट्राला ज्या घटनेमुळे ठाऊक आहे, ती घटना म्हणजे एक बाळंतपण. १६३० साली शिवनेरीवर जिजाबाई प्रसूत झाल्या. गडावर येणारा प्रत्येक जण आजही शिवजन्माच्या वास्तूपुढे मस्तक नमवितो. परंतु त्याच गडाच्या पायथ्याशी आज जी स्त्री बाळंत होते तिला तिच्या बाळंतपणाविषयी कोणी काय सांगितले, आणि तिने काय ठरविले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आजचा विषय तोच आहे. सिझेरियन शस्त्रक्रिया, जिला गावोगाव ‘सिझर’ म्हणतात, ती करावी की न करावी, या निर्णयात स्त्रीचा वाटा किती?

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सिझेरियन ही मानवजातीवर उपकार करणारी शस्त्रक्रिया आहे. मूल आडवे असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, नाळ मुलाच्या आधी खाली सरकली असेल किंवा प्रसूती अडली असेल, तर या शस्त्रक्रियेवाचून आई आणि मूल या दोघांच्याही जिवावर बेतू शकते. तेव्हा सिझेरियनच्या विरुद्ध मोहीम काढणे हा या विवेचनाचा हेतू नाही. ‘पूर्वीच्या बायका शेतात बाळंत होत’ असे अभिमानाने सांगणारे लोक, त्यांतल्या किती जणी परत घरी आल्या नाहीत, हे सांगत नाहीत.

दोन तालुके, दोन पट्टे

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना पूर्व आणि पश्चिम अशी दोन अंगे आहेत. पूर्वेकडे कुकडी, मीना आणि घोड यांच्या पाण्यावर बागायत उभी राहिली. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार, मंचरची बाजारपेठ, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने आणि पुणे-नाशिक महामार्ग यांनी या पट्ट्यात पैसा खेळविला. पैशापाठोपाठ खासगी प्रसूतिगृहे आली. पश्चिमेकडे नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंत सह्याद्रीच्या कुशीत प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची गावे आणि वाड्या पसरल्या आहेत. डिंभे आणि माणिकडोह धरणांत जमिनी गेल्या त्या मुख्यतः या पश्चिमेच्या, आणि पाणी गेले ते पूर्वेला. शस्त्रक्रियागृहांची वाटणीही जवळजवळ त्याच न्यायाने झाली आहे.

या दोन पट्ट्यांतील दोन स्त्रिया डोळ्यांपुढे आणाव्यात. पहिली बागायती गावातली. पहिले बाळंतपण माहेरी करायचे या रिवाजाप्रमाणे ती सातव्या महिन्यात माहेरी आली. आधीचे डॉक्टर बदलले, तपासणीचे जुने कागद सासरी राहिले. दिवस भरत आले असताना नव्या डॉक्टरांनी सांगितले की पाणी कमी आहे, नाळ मानेभोवती आहे, थांबण्यात धोका आहे. ‘धोका’ हा शब्द ऐकल्यावर घरातले कोणीही पुढचा प्रश्न विचारीत नाही. दहा मिनिटांत वडील किंवा नवरा सही करतो.

दुसरी स्त्री पश्चिमेकडच्या वाडीतली. पावसाचे दिवस आहेत, मूल आडवे आहे. ही गोष्ट आधी कोणी नीट सांगितलेली नाही. फोन लागेपर्यंत आणि गाडी वाडीपर्यंत पोचेपर्यंत रात्र सरते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून घोडेगावला, तेथून मंचरला, आणि भूलतज्ज्ञ नसेल किंवा रक्त नसेल तर तेथून पुण्याला, असा तिचा प्रवास होतो. जी शस्त्रक्रिया पहिलीला कदाचित गरज नसताना मिळाली, तीच दुसरीला गरज असताना वेळेवर मिळत नाही. वरवर पाहता ही दोन वेगळी दुःखे वाटतात. परंतु दोन्ही ठिकाणी स्त्रीला काहीच ठाऊक नव्हते आणि तिने काहीच ठरविले नव्हते, ही बाब समान आहे.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात सिझेरियनने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ साली ८.५ टक्के होते. २०१५-१६ साली ते १७.२ टक्के झाले आणि २०१९-२१ च्या पाहणीत २१.५ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या पाहण्यांच्या दरम्यान हे प्रमाण २०.१ वरून २५.४ टक्के झाले. म्हणजे राज्यातील प्रत्येक चौथी प्रसूती शस्त्रक्रियेने होत होती. याहून बोलका आकडा दुसरा आहे. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील सरकारी संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के होते, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. गुंतागुंतीची बाळंतपणे शेवटी सरकारी रुग्णालयांच्याच दारात येऊन पडतात हे लक्षात घेतले, तर हे तिपटीहून अधिक अंतर केवळ स्त्रियांच्या शरीररचनेने स्पष्ट होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १९८५ साली ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने १० ते १५ टक्क्यांहून अधिक प्रमाणाला समर्थन नाही, असे मत दिले होते. २०१५ साली संघटनेने आपली भूमिका अधिक नेमकी केली. समाजाच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता व नवजात बालकांचे मृत्यू आणखी घटतात असे दिसत नाही. मात्र एखादा आकडा गाठण्यापेक्षा गरज असलेल्या प्रत्येक स्त्रीला ही शस्त्रक्रिया मिळावी यासाठी झटले पाहिजे, असे त्या निवेदनात म्हटले आहे. हे दुसरे वाक्य पश्चिमेकडच्या वाड्यांसाठी लिहिले आहे असे समजावे.

ज्ञानाची विषमता

असे का घडते? डॉक्टरांच्या लोभाकडे बोट दाखविणे सोपे आहे, पण ते उत्तर अपुरे आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की वैद्यकीय सेवेचा बाजार हा भाजीच्या बाजारासारखा असू शकत नाही. टोमॅटो घेणारा क्रेट उघडून माल पाहू शकतो. प्रसूतीच्या टेबलावरील स्त्री काय घ्यायचे, किती घ्यायचे आणि घेतलेले चांगले की वाईट, यांपैकी काहीच पारखू शकत नाही. विकणाराच येथे घेणाऱ्याचा सल्लागार असतो. म्हणून येथे विश्वास लागतो, आणि विश्वासाला संस्थांचा आधार लागतो. तो आधार काढून घेऊन केवळ बाजार ठेवला, की मागणी पुरवठा करणाऱ्याच्या सोयीने तयार होऊ लागते.

अमेरिकेत १९७० ते १९८२ या काळात जन्मदर घटला. बाळंतपणे कमी झाल्याने प्रसूतितज्ज्ञांचे उत्पन्न घटू लागले. ग्रुबर आणि ओविंग्ज या अभ्यासकांनी १९९६ साली दाखविले, की ज्या राज्यांत जन्मदर अधिक घसरला तेथे सिझेरियनचे प्रमाण अधिक वाढले. जन्मदराचा आणि स्त्रीच्या प्रसूतिमार्गाचा वैद्यकीयदृष्ट्या काहीही संबंध नाही; संबंध होता तो बिलाचा.

तालुक्याच्या गावातील एखाद्या प्रसूतिगृहाचा हिशेब मांडून पाहावा. एकच डॉक्टर, कर्जाचे हप्ते, रात्रपाळीला शिकलेली परिचारिका नाही, भूलतज्ज्ञ ठरावीक वेळी येणार. पहिलटकरणीच्या कळा बारा, पंधरा, अठरा तासही चालू शकतात. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते आणि तिचे बिल मोठे होते. त्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, तेव्हापासून ‘सिझर का केले’ यापेक्षा ‘सिझर का केले नाही’ या प्रश्नाची भीती डॉक्टरांना अधिक वाटते. काही विपरीत घडले तर नातेवाइकांचा जमाव दवाखाना फोडतो, हेही खोटे नाही. अशा रचनेत प्रामाणिक डॉक्टरही कात्रीत सापडतो. लासलगावात दीर्घकाळ स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. अरुण गद्रे यांनी पुण्याच्या ‘साथी’ संस्थेसाठी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतून व्यवसायाच्या आतलीच अस्वस्थता बाहेर आली.

ही प्रवृत्ती टोकाला गेली म्हणजे काय होते, हे बीड जिल्ह्याने दाखविले. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गाळप हंगामात जुन्नर-आंबेगावच्या कारखान्यांच्या परिसरातही ऊसतोडणी टोळ्यांच्या कोप्या पडतात. तेथल्या गरोदर स्त्रीचे ना माहेर जवळ असते ना सासर, आणि तिचे नाव बहुधा त्या गावच्या आशाताईंच्या वहीतही नसते.

माहितीने फरक पडतो काय?

माहिती दिल्याने खरेच काही बदलते काय, अशी शंका कोणी घेईल. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या राज्यांतील बाळंतपणांचा जॉन्सन आणि रेहावी यांनी केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बाळंत होणारी स्त्री स्वतः डॉक्टर असेल, तर तिचे सिझेरियन होण्याची शक्यता इतर तशाच स्त्रियांहून सुमारे १० टक्क्यांनी कमी असते, असे त्यांना आढळले. शस्त्रक्रियेत रुग्णालयाचा आर्थिक फायदा असेल तेथे सामान्य स्त्रियांचे सिझेरियनचे प्रमाण वाढत होते. डॉक्टर असलेल्या स्त्रियांवर त्या फायद्याचा फारसा परिणाम होत नव्हता. शिवाय त्यांची प्रकृतीही अधिक चांगली राहिली. याचा अर्थ उघड आहे. जिला माहिती आहे तिच्याशी समोरचा माणूस वेगळ्या रीतीने बोलतो.

ही माहिती दोन्ही बाजूंची असली पाहिजे. स्कॉटलंडमध्ये १९९९ साली नादिन माँटगोमेरी या मधुमेही आणि अंगाने लहान असलेल्या स्त्रीला, नैसर्गिक प्रसूतीत मुलाचे खांदे अडकण्याचा धोका आहे हे डॉक्टरांनी सांगितले नाही. सांगितले तर ती सिझेरियन मागेल असे त्यांना वाटले. खांदे अडकले आणि मुलाला कायमचे अपंगत्व आले. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की धोका सांगायचा की नाही हे डॉक्टरांच्या पद्धतीवरून ठरत नाही. त्या रुग्णाला तो महत्त्वाचा वाटेल काय, यावरून ठरते. म्हणजे काहींच्या बाबतीत माहितीचा शेवट शस्त्रक्रिया टाळण्यात होईल, काहींच्या बाबतीत ती मागण्यात. दोन्ही निर्णय सन्माननीय आहेत.

भारतीय कायदाही या बाबतीत मुका नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट केले की उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, धोके, पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम सांगितल्यावाचून घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. त्या खटल्यात रुग्ण स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली गेली होती. ती स्त्री सज्ञान होती आणि तातडी नव्हती, म्हणून न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. बाळंतिणीच्या नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही घेण्याची आपल्याकडील रीत या कसोटीवर पारखून पाहावी.

सातव्या महिन्यात सांगायच्या गोष्टी

कळा सुरू झाल्यावर हातात कागद देणे म्हणजे माहिती देणे नव्हे. माहितीची वेळ सातवा महिना ही आहे, आणि तिची भाषा साधी हवी. नाळ मानेभोवती असणे ही गोष्ट सुमारे चौथ्या हिश्शाच्या प्रसूतींत आढळते आणि बहुतेक वेळा मूल सुखरूप जन्मते. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. डॉक्टरांनी दिलेली तारीख हा अंदाज असतो. ३७ ते ४२ आठवड्यांत केव्हाही मूल जन्मू शकते, नेमक्या तारखेला जन्मणारी मुले फार थोडी. तातडी नसेल तर ठरवून केलेले सिझेरियन ३९ आठवडे भरण्यापूर्वी करू नये, कारण मुलाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. म्हणून पंचांगातील मुहूर्त पाहून मूल आधी बाहेर काढण्याचा सुशिक्षित घरांत शिरलेला प्रकार मुलाच्या मुळावर येऊ शकतो. एकदा सिझर म्हणजे कायम सिझर, हाही समज खरा नाही. योग्य निवड आणि देखरेख असेल तर अशा शंभरातील साठ ते ऐंशी स्त्रिया पुढच्या वेळी नैसर्गिकरीत्या बाळंत होऊ शकतात. मात्र जुना टाका उसवण्याचा सुमारे दोनशेत एक एवढा धोका असल्याने तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच हा प्रयत्न करावा. आणि प्रत्येक सिझेरियनबरोबर पुढच्या गरोदरपणात वार खाली राहण्याचा किंवा गर्भाशयाला घट्ट चिकटण्याचा धोका वाढत जातो, हे पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधीच सांगितले पाहिजे.

प्रत्येक गरोदर स्त्रीला आणि तिच्यासोबत जाणाऱ्या माणसाला पाच प्रश्न पाठ असावेत. शस्त्रक्रिया कशासाठी? ती या क्षणीच हवी की थांबण्यास वेळ आहे? थांबलो तर काय होईल? दुसरा मार्ग आहे काय? पुढच्या बाळंतपणावर काय परिणाम होईल? खरी तातडी असेल तर डॉक्टर एका वाक्यात उत्तर देतील, आणि तेव्हा क्षणाचाही विलंब करू नये. तातडी नसेल तर उत्तराला वेळ लागेल, आणि तो वेळ स्त्रीच्या हक्काचा आहे.

काही स्त्रिया स्वतःच शस्त्रक्रिया मागतात, असे डॉक्टर सांगतात, आणि ते खरे आहे. पण त्या कशाला भितात, हेही विचारावे. कळांच्या वेळी एकटे टाकले जाणे, ओरडल्यास मिळणारे टोमणे, वेदना कमी करण्याच्या उपायांचा अभाव, यांना भिऊन केलेली मागणी ही पूर्ण अर्थाने निवड नसते. प्रसूतीच्या वेळी विश्वासाचे माणूस सतत सोबत असेल तर नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते, असे अनेक देशांतील प्रयोगांनी दाखविले आहे. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी संस्थांत अशी सोबतीण ठेवण्यास परवानगी दिली. तिला खर्च काहीच लागत नाही. लागते ती प्रसूतिकक्षात पडदा लावण्याची आणि दार उघडण्याची तयारी.

संघटनेचे काम

एकट्या बाईने डॉक्टरांपुढे पाच प्रश्न विचारावेत असे सांगून मोकळे होणे म्हणजे सगळा भार सर्वांत दुर्बळ खांद्यावर टाकणे होय. म्हणून येथे संघटनेचे काम सुरू होते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियनसह, पूर्णपणे मोफत आहे. औषधे, रक्त, घरून येण्या-जाण्याची गाडी, नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवण हे सारे हक्काचे आहे. हे प्रत्येक वाडीत माहीत झाले पाहिजे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागी लावले पाहिजे. ते लागले आहे काय, हे पाहण्यास मंचर, नारायणगाव आणि जुन्नर येथे एक दिवस पुरेल.

त्याच फलकावर सिझेरियनचे प्रमाणही लिहावे, ही मागणी पुढे आली पाहिजे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतील रुग्णालयांना तसे आदेश २०१७ साली दिले गेले होते. जे सरकारी नोकराच्या पत्नीला कळावे, ते शेतकऱ्याच्या सुनेला का कळू नये? यावर डॉक्टर म्हणतील की ज्यांच्याकडे कठीण रुग्ण येतात त्यांचे आकडे मोठे दिसतील. आक्षेप रास्त आहे, आणि त्यावर उपायही आहे. रॉबसन यांची दहा गटांची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने याचसाठी सुचविली आहे. तीत सारख्या स्थितीतील स्त्रियांची सारख्यांशीच तुलना होते.

पश्चिम पट्ट्यासाठी मागणी वेगळी आहे. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि घोडेगाव, जुन्नर येथील ग्रामीण रुग्णालयांत शस्त्रक्रिया, भूलतज्ज्ञ आणि रक्त यांची सोय रात्रंदिवस असली पाहिजे. तोवर पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या अवघड बाळंतपणांची यादी आशाताईंनी आधीच करावी आणि अशा स्त्रीला चार दिवस आधी खाली आणून ठेवण्याची व्यवस्था ग्रामसभेने मागावी. पुणे जिल्ह्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग २००७ पासून झालेला आहे. जनसुनवाईत गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांना जाब विचारल्यावर औषधे येतात आणि कुलपे उघडतात, हा अनुभव जिल्ह्याला नवा नाही. त्याच जनसुनवाईत आता बाळंतिणींनी उभे राहावे.

एवढे केल्याने प्रत्येक अनावश्यक शस्त्रक्रिया थांबेल असा दावा कोणी करू नये. परंतु बागायती गावातली ती पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येईल तेव्हा तपासणीचे कागद बरोबर आणील, आणि डोंगरातल्या वाडीतली स्त्री रात्र पडण्याआधी मंचरच्या खाटेवर असेल, एवढे या दोन तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या हाती नक्कीच आहे. त्यानंतर कागद पुढे येईल तेव्हा त्यावर सही तिची असावी, आणि सही करण्याआधी तिने तो कागद कोणाकडून तरी समजून घेतलेला असावा.